पहिल्या पाण्याचा मान

रावेरच्या चुडामण नानांच्या घरी जावई आला की दारातच त्याच्या पायांवर पाणी घालतात. यात नवल काही नाही, पुष्कळ घरांत घालतात. पण नानांचे जावई दोन आणि तांब्या एक. म्हणून त्या घरात एक नियम चालत आलेला : ज्याच्या अंगावर जास्त प्रवास पडला, त्याचे पाय आधी. मग पहिला पाट त्याचा, पहिला टिळा त्याचा आणि पहिलं ताटही त्याचंच.

थोरले जावई तोतारामभाऊ असोद्याचे, म्हणजे जळगावच्या वेशीवरचेच म्हणा. धाकटे अभिमनभाऊ धुळ्याचे. धुळे लांब, असोदा जवळ. संपला विषय.

पण तोतारामभाऊंच्या दृष्टीने तो विषय तीस वर्षं संपला नव्हता. लग्न झाल्यावर अधिक महिन्यातले पहिले दोन धोंडे त्यांनी एकट्याने खाल्ले होते. तेव्हा दुसरा जावईच नव्हता. नानांनी स्वतः वाकून त्यांच्या पायांवर पाणी घातलेलं त्यांना अजून आठवायचं. पितळी तांब्या, विहिरीचं गार पाणी, मागे उभ्या बायका. मग धाकट्या पुष्पाचं लग्न झालं आणि अभिमनभाऊ आले. अधिक महिना येतो तीन वर्षांतून एकदा. कोरोनातला धोंडा कुणीच खाल्ला नाही, तो सोडला तर त्यानंतर दहा धोंडे झाले. दहाही वेळा पहिलं पाणी धुळ्याला.

बरं, माणूस वाईट असता तर निदान मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. अभिमनभाऊ एका शाळेत लिपिक होते. हसरे, मऊ, सगळ्यांना 'बठ्ठं बरं शे', म्हणजे सगळं बरं आहे, असं म्हणणारे. पाय धुऊन झाले की ओल्या पायांनी बाजूला सरकायचे आणि म्हणायचे, "या भाऊ, आता तुमचे."

त्या 'आता तुमचे'ने तोतारामभाऊंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यातून त्यांचा धंदाच अंतरांचा. जळगावच्या बसस्थानकावर ते तेहतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, कोणती गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली ते नोंदवहीत लिहायचं, आणि माईकवरून पुकारायचं. कुठून कुठे किती किलोमीटर आणि किती वेळ, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. रस्त्यात थांबवून लोक विचारायचे, "भाऊ, सकाळी सहाला निघालो तर सुरतला जेवायला पोचेन का?" आणि भाऊ डोळे मिटून सांगायचे, "जेवण होईल, पण नवापूरला. सुरतला चहा." अख्ख्या खानदेशाला त्यांनी इकडून तिकडे धाडलं, स्वतः खुर्चीवरून हलले नाहीत. धुळ्याची गाडी पुकारताना मात्र त्यांचा आवाज कोरडा व्हायचा. इतर गाड्या ते तीनदा पुकारत, धुळ्याची दोनदा.

पण वेळेच्या बाबतीत माणूस सरळ. चिंधा नावाचा ड्रायव्हर त्यांचा जिवाभावाचा मित्र. एकदा तो पंचवीस मिनिटं उशिरा आला आणि म्हणाला, "पाच लिही ना यार, तुझ्या बापाचं काय जातं?" भाऊंनी पंचवीस लिहिलं. चिंधा सहा महिने बोलला नाही. भाऊ म्हणाले, "नको बोलू. गाडी आली तेव्हाच आली."

पाण्याच्या नियमातही त्यांनी एकदा हात घातला होता. कितव्या तरी धोंड्याला ते नानांना म्हणाले, "नाना, किलोमीटर काय मोजता? माणूस किलोमीटरने दमत नाही, वेळाने दमतो. गाडी हलल्यापासून तुमच्या ओट्यापर्यंत किती तास, ते मोजा." नानांनी विचार केला आणि म्हणाले, "बात खरी हाये. आजपासून तास." त्या वर्षी भाऊंची बस यावलजवळ पंक्चर झाली होती आणि त्यांना साडेचार तास लागले होते. एवढी संधी पुन्हा येणार नव्हती. पण अभिमनभाऊंची गाडी अमळनेरच्या फाटकात अडकलेली. त्यांना पावणेपाच लागले. पंधरा मिनिटांनी पाणी गेलं.

"स्वतःच नियम केला आन् स्वतःच त्यात पडले," लताबाई म्हणाल्या होत्या. लताबाई म्हणजे भाऊंची बायको. नवऱ्याच्या पोटात काय दुखतंय हे तिला नेहमी त्याच्या आधी कळायचं.

यंदाचा धोंडा अकरावा. नाना अठ्ठ्याऐंशीचे झाले होते. जानेवारीतच त्यांनी फोन करून सांगितलं, "दोघंही या. पुढचा धोंडा तीन वर्सानं. तव्हा तांब्या धराले हात राह्यले पाह्यजेत." म्हणजे नानांच्या हातचं पहिलं पाणी मिळण्याची ही शेवटची वेळ. तोतारामभाऊ नुकते निवृत्त झालेले. वेळच वेळ होता, आणि डोक्यात एकच विषय.

आणि नेमका त्याच वर्षी अभिमनभाऊ धुळ्यात नव्हते. ते न्यूझीलंडला होते.

त्यांचा मुलगा तेजस ऑकलंड नावाच्या शहरात नोकरीला. डिसेंबरात त्याने आईबापांना पाच महिन्यांसाठी नेलं. तेव्हापासून 'रावेर परिवार' ग्रुपवर रोज सकाळी फोटो. अभिमनभाऊ समुद्राकाठी. अभिमनभाऊ मेंढीसोबत. पुष्पाबाई स्वेटरमध्ये, जळगावात पंखे गरगरत असताना. तोतारामभाऊ प्रत्येक फोटो मोठा करून बघायचे आणि कुठे काही खोट सापडते का ते शोधायचे.

"मेंढी काय, आपल्याकडे ठेलारी मेंढपाळ घेऊन येतात तशीच आहे."

"मग नका ना बघू," लताबाई म्हणायच्या.

"बघतोय कोण!"

मे महिन्यात तेजसने परतीच्या तिकिटाचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं : 'पप्पा-मम्मी रविवारी निघतील. मुंबईहून गाडी करून थेट रावेर, सोमवारी धोंड्याला हजर!' ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. मामेसासऱ्यांनी लिहिलं, 'यंदा पहिल्या पाण्याचा प्रश्नच नाही.' प्रेमराजने, म्हणजे नानांच्या मुलाने, हसणारा चेहरा टाकला.

तोतारामभाऊंनी त्या रात्रीचं जेवण अर्धवट सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइलवर शोधून पाहिलं. ऑकलंड ते मुंबई, हवाई अंतर बारा हजार तीनशे किलोमीटर. रावेर ते असोदा त्यात किती वेळा बसेल याचा हिशोब त्यांनी करायला घेतला आणि अर्ध्यात सोडून दिला. पण नियम किलोमीटरचा नव्हता, तासांचा होता, आणि तो त्यांनी स्वतःच घालून दिलेला. त्यांनी चष्मा लावला आणि तिकीट नीट वाचलं.

ऑकलंड, सुटण्याची वेळ सकाळी अकरा. मधे सिंगापूरला विमान बदलणं. मुंबई, पोचण्याची वेळ त्याच दिवशी रात्री अकरा.

भाऊ खुर्चीत ताठ झाले. पुन्हा वाचलं. अकरा ते अकरा. फक्त बारा तास!

"अगं ए," ते स्वयंपाकघराकडे ओरडले, "हा माणूस निव्वळ बारा तासांत येतोय! एवढा गाजावाजा आणि बारा तास! जळगावहून सोलापूरला जायला याच्याहून फार कमी लागत नाही!"

एका साइटवर 'उड्डाणाचा वेळ अंदाजे सोळा तास' असंही दिसलं, पण त्याकडे भाऊंनी लक्ष दिलं नाही. इंटरनेटवर कुणीही काहीही लिहितं. तिकीट म्हणजे तिकीट, त्यावर छापलेली वेळ. तेहतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं : पोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा करायची, उरतो तो प्रवास. बारा हजार किलोमीटर बारा तासांत म्हणजे ताशी हजार झाले, हे त्यांना जरा जास्त वाटलं. पण विमानच ते, पळणारच.

रात्री अकराला मुंबई. तिथून गाडीने रावेर, म्हणजे सकाळचे अकरा. एकूण चोवीस तास.

चोवीस तास हा आकडा मात्र भाऊंच्या हातातला होता. त्यांची मुलगी भूमिका बँकेत अधिकारी होती आणि दोन वर्षांपासून कोलकात्याला होती. दोन वर्षं ती म्हणत होती, "पप्पा, एकदा या ना इकडे." आणि भाऊ म्हणत होते, "येऊ गं, एवढी काय घाई."

हावडा ते भुसावळ रेल्वेने साधारण पंचवीस तास. भुसावळहून बसने रावेर एक-सव्वा तास. म्हणजे सव्वीसच्या वर.

भाऊंनी तिकीट काढलं. जाण्याचं नव्हे, आधी येण्याचं. रविवारी सकाळी आठला हावड्याहून सुटणारी गाडी. मग त्या बेताने जाण्याचं.

लताबाई अनारशांच्या तयारीसाठी आठ दिवस आधीच माहेरी चालल्या होत्या. नवऱ्याने अचानक लेकीकडे जायचं काढलं तेव्हा त्या पिशवी भरता भरता थांबल्या. "मला न घेता? आणि आत्ता, या उन्हात?"

"पोरीची आठवण आली."

लताबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आठवण आली म्हणे. बरं, तिच्यासाठी शेवभाजीचा मसाला न्या. आणि भांडण घेऊन जात असाल तर ते मात्र इथेच ठेवून जा."

गुरुवारी रात्री भाऊंनी गाडीतूनच भूमिकाला फोन केला; तिने तो ठेवला तेव्हा ती लहान मुलीसारखी हसत होती. शुक्रवारी तिने रजा टाकली. हावड्याला गर्दीत पप्पांचा पांढरा सदरा दिसला तशी तिने लांबूनच हाक मारली. घरी वरण-बट्टी केली होती. बट्ट्या तिथल्या कणकेने जरा कडक झाल्या होत्या, पण भाऊंनी तीन खाल्ल्या. शनिवारी तिने त्यांना ट्राममधून फिरवलं, होडीने नदी ओलांडून नेलं. भाऊ सगळं बघत होते. पण ट्राम थांबली की त्यांची नजर मनगटावर जायची. रविवारी तास मोजायची ही तयारी होती.

"पप्पा, बुधवारपर्यंत थांबा ना. दक्षिणेश्वरला जाऊ."

"धोंडा सोमवारी आहे गं. नाना वाट बघतायत."

रात्री जेवताना त्यांना राहवलं नाही. मोबाइल काढून त्यांनी अभिमनभाऊंचं तिकीट तिच्यापुढे धरलं. "हे बघ. सकाळी अकरा, रात्री अकरा. बारा तास. आणि बारा मुंबई ते रावेर. चोवीस! आणि मी किती? सव्वीसच्या वर! तीस वर्षांनी, भूमी, तीस वर्षांनी तुझ्या बापाच्या पायांवर पहिलं पाणी पडणार."

भूमिका तिकिटाकडे बघत राहिली. मग पप्पांच्या तोंडाकडे. त्यांच्या मिशीला वरणाचा थेंब लागला होता आणि डोळे चमकत होते. तिने मोबाइल त्यांना परत दिला.

"अजून वरण घेता?" ती म्हणाली.

रविवारी सकाळी फलाटावर ती त्यांच्यासोबत होती. शिदोरी दिली, पाण्याची बाटली दिली, खिडकीजवळ उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "पप्पा, खरं सांगा. तुम्ही मला भेटायला आला होतात, की परत जायला?"

भाऊंनी फलाटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आठला तीन मिनिटं कमी आहेत," ते म्हणाले.

ती हसली, पण तिचं हसू अर्ध्यातच राहिलं. गाडी बरोबर आठला हलली. भाऊंनी खिशातल्या वहीत लिहिलं : हावडा, सु. ८.००.

नागपूरच्या अलीकडे गाडी चाळीस मिनिटं एका मोकळ्या माळावर उभी राहिली. डबा तापला. समोरचा एक गृहस्थ रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. तोतारामभाऊ मात्र खिडकीत बसून गालातल्या गालात हसत होते. आयुष्यभर उशिरा येणाऱ्या गाड्यांवर ओरडलेला हा माणूस पहिल्यांदाच गाडी थांबल्याचं सुख घेत होता.

"तुम्हाला घाई नाही वाटतं," गृहस्थ म्हणाला.

"अजिबात नाही. अजून थोडी थांबली तरी चालेल."

सोमवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना ते नानांच्या दारात पोचले. सव्वीस तास पन्नास मिनिटं. ओठ सुकलेले, सदऱ्यावर घामाचे नकाशे. प्रेमराज पाण्याचा पेला घेऊन आला तर त्यांनी हाताने थांबवलं. "आधी पायांचं होऊ दे."

आतून पुरणाचा वास येत होता. ओट्यावर नाना काठी टेकून बसलेले, बाजूला पितळी तांब्या, पाण्याने भरलेला. भाऊ त्या तांब्याकडे बघत ओट्याखाली उन्हात उभे राहिले. लताबाई दारातून बघून आत गेल्या. त्यांना सगळं कळलं होतं.

अकराला गाडी आली. अभिमनभाऊ उतरले ते दोन्ही हातांनी कंबर धरूनच. पुष्पाबाईंचे पाय सुजलेले. पाच महिन्यांत रंग उजळला होता दोघांचा, पण चेहरे उतरलेले. अभिमनभाऊ सरळ पुढे आले आणि तोतारामभाऊंना मिठी मारली. अंगाला कसल्या तरी परक्या साबणाचा वास होता. त्या वासाचासुद्धा भाऊंना हेवा वाटला.

"काय मंग जवाईबापू," नानांनी काठी आपटली, "किती तास? बठ्ठे सांगा, खरं खरं."

"सव्वीस पन्नास," तोतारामभाऊ म्हणाले. वहीच काढून दाखवली.

"आन् धाकटे?"

अभिमनभाऊंनी डोकं खाजवलं. "मला काही सुचत नाही नाना. विमानात दोनदा जेवण दिलं, तिसऱ्यांदा काय दिलं ते कळलंच नाही. किती तास ते..."

"चोवीस," तोतारामभाऊ म्हणाले. "काल सकाळी अकराला सुटले, आता अकरा वाजले. तिकीट ग्रुपवर आहे."

सगळे अभिमनभाऊंकडे बघायला लागले. ते हसले. "मग चोवीसच. भाऊंचा हिशोब आहे तो, कसा चुकेल? अख्ख्या जिल्ह्याच्या गाड्या यांच्या हिशोबावर चालल्या."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"मंग आज थोरल्याचं पह्यलं," नाना म्हणाले. बायका बाहेर आल्या. मामेसासऱ्यांनी भुवया वर केल्या. तोतारामभाऊंनी चपला काढल्या, पायजमा घोट्यावर घेतला आणि पाटावर उजवा पाय ठेवला. दगडी ओटा, तांब्या, नानांचे थरथरते हात. सगळं अगदी तसंच, पस्तीस वर्षांपूर्वीसारखं.

अभिमनभाऊ शेजारच्या खांबाला टेकले. मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि पुष्पाबाईंना हळूच म्हणाले, "साडेपाच. तेजस निघाला असंल कामावरून."

तोतारामभाऊंनी मान वळवली. "कसले साडेपाच? अकरा वाजलेत."

"ते इथले हो. हे घड्याळ तिकडचंच राहू दिलंय मी. बदललं नाही. पोऱ्या आता जेवला का, झोपला का, ते कळतं तेवढंच."

भाऊंचा पाय पाटावर तसाच राहिला. त्यांनी अभिमनभाऊंच्या मनगटावर पाहिलं. जुनं घड्याळ, पट्टा उसवलेला. लहान काटा पाच आणि सहाच्या मधे.

तेहतीस वर्षं डोकं ज्या कामाला जुंपलं होतं, ते काम त्यांनी न सांगताच सुरू केलं. निघताना याच घड्याळात अकरा. आता याच घड्याळात साडेपाच, दुसऱ्या दिवसाचे. काल अकरा ते आज अकरा, चोवीस. अकरा ते साडेपाच, साडेसहा.

साडेतीस तास.

एसटीत घड्याळ मधे बदलत नाही. पाचोऱ्याला जे वाजतात तेच सुरतला वाजतात. तिकिटावरचे अकरा ऑकलंडचे होते आणि दुसरे अकरा मुंबईचे, आणि त्यांनी एकातून दुसरे वजा केले होते. बाजारातल्या किलोतून घरचा लिटर वजा केल्यासारखे.

कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. अभिमनभाऊंच्यासुद्धा. तो भला माणूस पुरावा मनगटावर बांधून उभा होता आणि त्याला पत्ता नव्हता. नानांनी तांब्या उचलला. थरथरत्या हातामुळे काठावरून चार थेंब आधीच सांडले. एक भाऊंच्या अंगठ्यावर पडला. गार होता.

हेवा तसाच होता, कणभर कमी झाला नव्हता. उलट त्या घड्याळाने त्यात भर घातली होती. पण डोळ्यांसमोर नोंदवही उघडली गेली आणि त्यात चिंधाची पंचवीस मिनिटं होती.

"थांबा नाना," तोतारामभाऊ म्हणाले आणि पाय मागे घेतला.

"काय झालं?"

"वेळ चुकली. माझी." त्यांचा आवाज माईकवरून यावा तसा सपाट निघाला. "याला साडेतीस तास लागलेत. तिकडे ज्या वेळेला दिवस मावळायला येतो तेव्हा आपल्याकडे सकाळ असते. तिकीट दोन गावांच्या दोन घड्याळांचं आहे. मी एकच समजलो."

प्रेमराजने बोटांवर काहीतरी मोजून पाहिलं आणि सोडून दिलं.

"मले काय कयत नाही बापू त्यातलं," नाना म्हणाले. "आता पाणी कोणाले?"

"याला."

अभिमनभाऊ पुरते गोंधळले. "भाऊ, तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं."

"म्हणूनच बोललो. तुला कळलं असतं तर भांडलो असतो."

आधी लताबाई हसल्या, मग सगळं अंगण हसलं. अभिमनभाऊंचे पाय पाटावर आले आणि नानांनी पाणी घातलं. सावकाश, सगळा तांब्या. तोतारामभाऊ बघत होते. अकराव्यांदा बघत होते, आणि सांगायला हरकत नाही, अकराव्यांदाही जळत होते. पाणी बोटांमधून वाहून ओट्याच्या कडेने मातीत गेलं तोपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

"या भाऊ," अभिमनभाऊ बाजूला सरकत म्हणाले, "आता तुमचे."

"माहीत आहे," तोतारामभाऊ म्हणाले. "तांब्या भरू दे आधी."

तांब्या भरायला प्रेमराज आत गेला. भाऊ तसेच अनवाणी उभे राहिले. शेजारी अभिमनभाऊंनी पुन्हा मनगटाकडे पाहिलं, सवयीने. भाऊंनीही आपल्या घड्याळात पाहिलं. अकरा वाजून पंचवीस. कोलकात्यातही अकरा पंचवीसच. तिथलं घड्याळ वेगळं नाही, काही वजा करायचं नाही, काही मिळवायचं नाही. आणि भूमिका आत्ता काय करत असेल हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती चहा कितीला घेते, डबा नेते का, बँकेतून किती वाजता निघते. दोन दिवस तिच्या घरात राहून त्यांनी यातलं काहीच विचारलं नव्हतं. स्वतःचेच तास मोजत बसले होते.

त्यांनी फोन लावला.

"पोचलात?" भूमिका म्हणाली. मागे बँकेतला गलका ऐकू येत होता. "पाणी दुसरंच ना?"

भाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "तुला कसं कळलं?"

"परवाच कळलं होतं. तिकीट दाखवलंत तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस? मी सव्वीस तास उगाच घामाघूम होत आलो!"

"बोलले असते तर काय केलं असतंत? साडेतीसाच्या वर जायला म्हणून शनिवारी रात्रीच मला सोडून सगळ्यात हळू जाणारी गाडी पकडली असतीत."

भाऊंनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण वेळेच्या बाबतीत माणूस सरळ. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला : शनिवारी रात्री अकरा ते सोमवारी सकाळी अकरा, छत्तीस.

"हो," ते म्हणाले. "पकडली असती."

पलीकडे ती हसायला लागली, या वेळी पूर्ण. भाऊ हसले नाहीत. त्यांनी खिशातली वही काढली, हावड्याच्या नोंदीखालचं पान उलटलं आणि पेन उघडलं.

"बरं, ऐक," ते म्हणाले. "बँकेतून किती वाजता सुटतेस तू? नीट सांग, लिहून घेतोय."